शेवाळाची भिंत

"बघ पोरी, तळ दिसाया लागला का न्हाय?" शेततळ्याच्या बांधावर बसल्या बसल्या आबांनी नातीला विचारलं.

आठवड्यापूर्वी हिरव्यागार सायीखाली झाकलेलं पाणी आज अगदी नितळ होतं. ते बघून दिशा धास्तावली.

बारामतीच्या कॉलेजात ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकत होती. या पाण्याचा थेंब तिनंच तपासला होता आणि गावी, लासुर्ण्याला फोन करून बजावलं होतं, "आबा, ते निळं-हिरवं शेवाळ विषारी हाय. चंद्रीला पाजू नका."

चंद्री म्हणजे आबांची गाभण गाय. पेंडीचं नवं पोतं फोडलं तरी आबा आधी चिमूटभर स्वतःच्या तोंडात टाकायचे. सगळी आळी हसायची. "मुकं जनावर, त्येला काय सांगता येतंय व्हय?" एवढंच ते म्हणायचे.

"मग मरतं कशानं ते शेवाळ?" आबांनी तेव्हा फोनवर विचारलं होतं. दिशाला तेवढंच हवं होतं. बाहेरून साखरेचं बुळबुळीत वेष्टन, आत साखरेच्या धाग्यांना प्रथिनांचे टाके घालून विणलेली भिंत, मोरचुदानं पेशी फुटते आणि शेवाळ मरतं. परीक्षेतल्यासारखं तिनं घडाघडा सांगितलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळं व्हायचं वयच ते. फुटल्यावर आतलं कुठं जातं, हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

डाळिंबाच्या फवारणीतलं उरलेलं मोरचूद आबांनी तळ्यात टाकलं होतं.

"आबा, विष त्या भिंतीच्या आत होतं!" दिशाचा आवाज चिरकला. "आता सगळं पाण्यात उतरलंय. गाळून न्हाय जात, उकळूनबी न्हाय. चंद्रीला पाजलं का?"

"न्हाय अजून."

दिशा गोठ्याकडं धावली. चंद्री निवांत रवंथ करत होती. बादली कोरडी होती. गाईच्या गळ्यात पडून दिशा ढसाढसा रडली. केवढं संकट टळलं होतं!

ती परत आली तेव्हा आबा तिथंच बसले होते. फडक्यातली भाकरी तशीच होती. शेजारी तांब्या आडवा पडला होता.

"गाय बरी हाय न्हवं?"

"बरी हाय, आबा."

"मग झालं," पोट घट्ट दाबून धरत आबा म्हणाले. "सकाळी दोन तांबं पिऊन बघितलं. लई ढवळाया लागलं, तवाच म्हणलं, चंद्रीला नगं पाजाया."