लव्हाळकोंबडीची शीळ

"परत लाव," आई म्हणाली.

लेकीनं परत लावलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावरच्या इवल्याशा स्पीकरमधून दलदल बोलू लागली. बेडकांचा कालवा, लव्हाळ्यातून सरसरणारा वारा आणि मग तो आवाज. एकावर एक चढत जाणाऱ्या तीन शिट्ट्या.

लेकीच्या अंगावर पुन्हा काटा आला.

ऑफिसात तिला सगळे मोजणीबाई म्हणत. शहराच्या टोकाला असलेल्या दलदलीत कोणकोणते जीव उरलेत आणि किती, हे मोजणं तिचं काम. वर्षभर ती गुडघाभर चिखलात उभी राहून बेडूक, चतुर, पाणकिडे मोजत होती. झाडांना तिनं रेकॉर्डर टांगले होते. दलदल राखायची की बुजवून तिथे बसडेपो बांधायचा, हे उद्या समितीत ठरणार होतं. मोजणीचे आकडे बरे होते. पण नुसत्या बऱ्या आकड्यांवर समिती डेपो अडवणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आणि आज दुपारी ही शीळ सापडली होती. लव्हाळकोंबडी! फक्त याच दलदलीत राहणारा आणि वीसेक वर्षांपूर्वी नामशेष ठरलेला पक्षी.

नामशेष ठरवला होता आईनंच. तेव्हा मोजणीचं काम तिच्याकडे होतं.

"ही लव्हाळकोंबडी नाही," आई म्हणाली. "नक्कल्या आहे."

नक्कल्या म्हणजे दलदलीकाठच्या झाडांवर राहणारा लांब शेपटीचा काळा पक्षी. मांजर, सायकलची घंटा, दुसरे पक्षी, कुणाचाही आवाज हुबेहूब काढणारा.

"आई, काहीतरीच काय!"

"पहिली शिट्टी जरा दाबल्यासारखी येतेय. नीट ऐक."

"मला नाही तसं वाटत."

"कारण तुला तसं वाटून घ्यायचं नाहीये."

लेक भडकली. "मला की तुला? पक्षी जिवंत निघाला तर तुझा अहवाल खोटा ठरेल. तेच झोंबतंय ना तुला?"

आई उठली. दोघींचे कप तिनं विसळले, पालथे घातले. मग पाठमोरी उभी राहूनच म्हणाली, "मी चुकले असेन तर सगळ्यात जास्त आनंद मलाच होईल, बाळा. पण उद्या कुणी तुझी ही एक चूक पकडली ना, तर तुझ्या बेडकांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही."

सकाळी समितीला जाण्याआधी लेक दलदलीवर गेली. आईला खोटं पाडायचं, एवढंच डोक्यात होतं. ज्या झाडावरच्या रेकॉर्डरमध्ये शीळ सापडली होती, त्या झाडाखाली चिखलावर टाकलेल्या फळीवर ती बसून राहिली.

झाडावर एक नक्कल्या आला. आधी त्यानं स्कूटर चालू केली. मग बिजागरी करकरवली. मग मान वर करून, चोच उघडून, एकावर एक चढत जाणाऱ्या तीन शिट्ट्या मारल्या.

लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं. थोड्या वेळानं तिनं फोन लावला.

"तूच बरोबर होतीस. माझ्या डोळ्यांदेखत नक्कल्यानं शीळ घातली. आणि काल मी तुला नको ते बोलले."

"ते जाऊ दे. दिसायला कसा होता?"

"नक्कल्यासारखा, आणखी कसा?"

"शेपूट, अगं. लांब की आखूड?"

"आखूड. यंदाचंच पिल्लू असणार. का गं?"

 मग "समितीत खरं तेच सांग" एवढंच म्हणून आईनं फोन ठेवला.

समितीच्या खोलीत पंखा कुरकुरत होता. अध्यक्षबाई मधोमध, शेजारी डेपोचे इंजिनिअर, मागच्या खुर्च्यांवर आठ-दहा नागरिक. लेकीनं बेडूक सांगितले, चतुर सांगितले, पाणी पूर्वीपेक्षा निवळल्याचं सांगितलं. मग म्हणाली, "काल संध्याकाळी मी कळवलं होतं की लव्हाळकोंबडी सापडली. ते मी मागे घेते. ती नक्कल्याच्या यंदाच्याच एका पिल्लानं केलेली नक्कल होती. मी स्वतः पाहिलंय."

इंजिनिअरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "मोजणीबाईंच्या प्रामाणिकपणाला मानलं पाहिजे," ते म्हणाले आणि ते मनापासून म्हणाले.

अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला. "मग प्रश्न मिटला म्हणायचा. कुणाला काही सांगायचंय?"

मागच्या रांगेत एक हात वर झाला. लेकीनं वळून पाहिलं. आई कधी येऊन बसली, तिला कळलंच नव्हतं.

"लव्हाळकोंबडी संपली असा अहवाल मीच दिला होता," आई उभी राहत म्हणाली. "तेव्हा दलदलीपलीकडे एक कारखाना होता. त्याचा भोंगा इथला प्रत्येक नक्कल्या वाजवून दाखवायचा. कारखाना बंद पडला आणि दोन-तीन वर्षांत एकाही नक्कल्याच्या तोंडी तो भोंगा राहिला नाही. कानावर पडेनासं झालं की हा पक्षी विसरतो."

"बरं, मग?" इंजिनिअर म्हणाले.

"लव्हाळकोंबडीची शीळही ते तशीच विसरले. ती त्यांच्याही तोंडून ऐकू येईना, तेव्हाच मी अहवालावर सही केली. नोकरीत होते तोवर दरवर्षी येऊन मी या नक्कल्यांना ऐकत होते. शीळ नव्हतीच."

 आईनं आधी लेकीकडे पाहिलं, मग अध्यक्षबाईंकडे.

"मग मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "यंदा जन्मलेल्या या पोराला ती शिकवली कुणी?"