गोष्टीतली आजी

गोष्टीशिवाय मोनाच्या छोट्या यशराजच्या घशाखाली घास उतरत नसे. हल्ली मोना तिच्या आईनं गगनबावड्याहून पाठवलेल्या गोष्टी फोनवर लावायची आणि ब्लूटूथनं तो आवाज म्युझिक सिस्टीममधून घरभर घुमायचा. मोनाच्या सासूबाई, बाळाबाई, शेजारीच बसून धुमसायच्या.

"मी काय मुकी हाय व्हय? घरात जितीजागती आजी असताना ही डब्यातली कशाला लागतीया?"

"मग आत्ती, तुमीबी रेकॉर्ड करा की," मोना म्हणाली.

बाळाबाईंनी इरेला पेटून कोल्ह्याची गोष्ट रेकॉर्ड केली, विहीणबाईंपेक्षा दुप्पट लांब आणि कोल्हेकुईसकट. यशराजला ती इतकी आवडली की तो रोज तीच मागू लागला. गगनबावड्याचा आवाज बंद झाला. बाळाबाई शिवाजी पेठेत दारोदार सांगत सुटल्या.

आज त्यांना नवी गोष्ट सुचली. सिस्टीमवर त्यांचाच कोल्हा ओरडत होता. ताट घेऊन त्या नातवाजवळ बसल्या.

"ऐक रं सोन्या, एक हुता लांडगा..."

यशराजनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"गप की गं! आजी गोष्ट सांगतीया."