अंगठ्याएवढा डाग

वीस वर्षं ॲल्युमिनियमचे सांधे मी जोडले, कौतुक मात्र धाकट्या बहिणीच्या गंजरोधक द्रावणाचं. त्यात बुडवलेली नमुन्याची पट्टी मिठाच्या फवाऱ्यात महिनाभर गंजली नाही, तर बाबा कारखाना तिच्या हाती देणार होते. घामाचा हात लागला, की तिथे द्रावण चढत नाही. पट्टी बुडवण्याआधी ती हातमोजे घ्यायला वळली, तेवढ्यात मी सांध्यावर अंगठा दाबला. महिन्याने फवाऱ्याची पेटी उघडली. पट्टी लख्ख होती. फक्त सांध्यावर अंगठ्याएवढा पांढरा डाग, त्यात माझ्या अंगठ्यावरच्या जुन्या व्रणाची रेघ. तिने पट्टी पाहिली, मग माझा हात. “हे काय गं?” बाबांनी विचारलं. तिने डागावर स्वतःचा अंगठा ठेवला. “माझाच हात लागला, बाबा.” “ही चूक लपवत नाही, शीक जरा!” मला ऐकवत बाबांनी किल्ल्या तिला दिल्या. कारखान्यात माझी म्हणावी अशी तेवढीच खूण होती; तीही तिने घेतली.