भुताचं कपाळ

तिसरं कव्हरही परत आलं तेव्हा मुक्तानं लॅपटॉप मिटला, पुन्हा उघडला आणि मनातल्या मनात भय्यासाहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

भय्यासाहेब इंदूरहून निघणाऱ्या एका सिनेमासिकाचे संपादक. या महिन्याचं कव्हर एका भयपटाचं होतं. निर्मात्यानं भुताचा चेहरा गुलदस्त्यात ठेवला होता, त्यामुळे सिनेमातला एकही फोटो मिळणार नव्हता. आपलं भूत आपणच उभं करा, असा हुकूम. आजवर उज्जैनला बसून मुक्ता आतली पानं लावायची, साबणाच्या जाहिराती आणि राशिभविष्य. कव्हर हे पहिलंच. संध्याकाळपर्यंत पसंत पडलं नाही तर ते इंदूरच्या दुसऱ्या डिझायनरकडे, सुमीतकडे जाणार होतं, आणि एकदा गेलेलं कव्हर परत येत नसतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पहिल्यात तिनं घाटावरची चिता आणि राख घातली. भय्यासाहेब म्हणाले, महाकालच्या गावची पोरगी तू, हा तर भक्ती विशेषांक झाला. दुसऱ्यात रक्त ओतलं, तर त्यांना कचोरीवरची चटणी आठवली. भूक लागली म्हणे. मुक्ताला रडू येत होतं आणि हसूही, पण दोन्हींना वेळ नव्हता.

तिसऱ्यासाठी तिनं आईलाच उभं केलं. आई बँकेतून निवृत्त झालेली, उज्जैनमधल्याच नानाखेड्याच्या फ्लॅटमध्ये दिवसभर शब्दकोडी सोडवत बसायची. भूत व्हायचंय म्हटल्यावर ती खूश झाली. केस मोकळे सोडून, जरीची साडी नेसून खिडकीपाशी अशी काही उभी राहिली, की फोटो काढताना मुक्ताच्याच अंगावर काटा आला. तरी हेही परत.

"डोळे एकदम भारी आहेत," भय्यासाहेब फोनवर म्हणाले, "पण ही चुडैल नाही, पासबुक भरून देणारी बाई दिसते. अगं, पिक्चरमधली बाई सुहागन असताना मेलेली आहे ना? मग माथ्यावरचे केस हटव आणि बड़ी लाल बिंदी लाव. पूरा डर तिथंच आहे."

फोटोतली बाई कोण, हे त्यांना माहीत नव्हतं. ते केस मुक्तानंच मुद्दाम आईच्या कपाळावर ओढून घेतले होते. बाबा गेले तेव्हा तेराव्याच्या आत, मावश्या-आत्या काही बोलायच्या आधीच, तिनं आरशापुढची टिकल्यांची पाकिटं आणि कुंकवाचा करंडा उचलून माळ्यावर टाकला होता. सवयीनं आईचा हात तिकडे जाऊ नये, तिला लागू नये, एवढंच मनात होतं. त्यानंतर त्या विषयाला घरात कुणी शिवलं नाही. मुक्ताची तर हिंमतच नव्हती.

आई पलीकडच्या खोलीत होती. एक टिकली लावायची आणि पुन्हा फोटो काढायचा, चुटकीसरशी होणारं काम. पण मुक्तानं दार लोटलं आणि कुंकू कॉम्प्युटरवरच काढायला घेतलं. ते बसेना. कधी वरून चिकटवल्यासारखं दिसे, कधी जखमेसारखं. सगळी दुपार त्या एका ठिपक्यात गेली. मान आखडली, डोळे चुरचुरले, भय्यासाहेबांचे "और कितना टाइम" असे मेसेज येत राहिले. शेवटी वैतागून तिनं आईचा एक जुना फोटो शोधला आणि त्यातलं कुंकू जसंच्या तसं उचललं. मोठं, आणि मधोमध नाही, किंचित डावीकडे, आई लावायची तसं. डोळे मिटून पाठवून दिलं.

लगेच उत्तर आलं. "आत्ता डर लागला. फायनल."

मुक्ताला वाटलं होतं आनंद होईल. आला तो नुसता थकवा. तेवढ्यात आई चहा घेऊन आत आली. मुक्ताचा हात लॅपटॉप मिटायला गेला, पण आईनं तो धरला. कप टेबलावर ठेवला, चष्मा लावला आणि पडद्यावरच्या स्वतःकडे बघत राहिली. मुक्ता घाईघाईनं सांगत सुटली, की हे फक्त कव्हरसाठी आहे, सिनेमातली बाई तशी आहे, तुला नको असेल तर आत्ता पुसते, कव्हर गेलं तर गेलं.

"पुसू नकोस," आई म्हणाली. तिच्या आवाजात राग होता.

"भुताला लावलंस. मला मात्र एकदा विचारलंसुद्धा नाहीस."