राणीचं माहेरचं नाव

शाळेसाठी एका ग्रीक राणीवर लिहिलेला निबंध आश्लेषा आजोबांना समजावून सांगत होती. "किंग अँटिओकसनं लग्नात तिचं नाव चेंज करून युबिया ठेवलं. जुनं नाव कोणीच लिहून ठेवलं नाही. सो मीन ना, आजोबा?"

गुरुनाथरावांनी खिडकीकडे पाहिलं. पन्नास वर्षांपूर्वी, १९४६ साली, ताटातल्या तांदळांत अंगठीनं 'नीलांबरी' हे नाव त्यांनीच रेखलं होतं. आता आठ दिवस त्या हाकेला ओ मिळत नव्हती. स्मृती हरवलेली त्यांची पत्नी खिडकीशी बसून अमेरिकेतल्या नेपरव्हिलचा बर्फ पाहत राही आणि समोरचा वरणभात निवून जाई.

ते वाटी घेऊन तिच्याजवळ गेले. लग्नानंतर प्रथमच त्यांनी तिला माहेरच्या नावानं हाक मारली, "गोदावरी…"

तिनं चटकन मान वळवली. तिचे डोळे लख्ख उजळले. गुरुनाथरावांच्या जिवात जीव आला. त्यांनी घास पुढे केला.

ती अंग चोरून मागे सरली आणि अदबीनं म्हणाली, "आई-दादा घरात नाहीत हो. आपण मागाहून या."