रजईला ऊन

शांघायच्या या जुन्या गल्लीत आता कुणी राहत नाही. नवा रंग देऊन ती पर्यटकांसाठी ठेवली आहे आणि मी तिथली गाइड. लाल टोप्यांचा माझा घोळका एका दारापाशी थांबला. खिडकीबाहेरच्या बांबूवर टांगलेली फुलाफुलांची कोरी रजई दाखवत मी म्हटलं, "थंडीत ऊन पडलं, की पूर्वीची माणसं अशा रजया बाहेर घालायची."

"पूर्वीची?" घोळक्यातल्या ताओ आजी पुढे आल्या. त्यांनी ती रजई खसकन ओढून माझ्या हातात कोंबली. मग पिशवीतून स्वतःची ठिगळं लावलेली रजई काढली, बांबूवर पसरली आणि धपाधप झोडपली. लोकांचे मोबाइल वर झाले.

सिक्युरिटीवाला धावत आला. "आजी, हा देखावा आहे. हात लावायचा नाही."

"देखाव्याला ऊन कशाला हवंय? आम्हाला दिलेल्या नव्या घरात बारा महिने सावली आहे."

"पर्यटकांसाठी नियम असतात, आजी."

"मग पर्यटकांना सांग."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी हातातली रजई उगाच घट्ट धरली.

"बरं, काढणार कधी?" त्याचा आवाज खाली आला होता.

आजींनी डोक्यावरची लाल टोपी काढून पायरीवर टाकली आणि तिच्यावरच बसल्या.

"समोरच्या भिंतीची सावली बांबूवर आली, की काढते. या घरात सून म्हणून आले, तेव्हापासून तेव्हाच काढत आलेय."