तंतोतंत

शहाऐंशी सालच्या उन्हाळ्यात माझ्या मेव्हण्याच्या, यादोरावच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, "किडनी बसवायची तर पेशींचा प्रकार जुळायला हवा. तो माणसागणिक वेगळा असतो, जातीजमातीगणिकही फरक पडतो. परक्याचा कुठे शोधता? सख्ख्या भावंडांत बघा."

भावंडांचं रक्त तपासणीला मुंबईला गेलं. दोघा भावांचं जुळलं नाही. माझ्या बायकोचं, वच्छलाचं, तंतोतंत जुळलं.

रिपोर्ट घेऊन सासरे भय्याजी तीन एसट्या बदलत आसगावाहून सिहोऱ्याला आमच्याकडे आले. ओठ सुकून पांढरे पडलेले. लेक समोर उभी होती, तरी ते माझ्याशीच बोलत होते.

"जावईबापू, तुमची परवानगी असन तर..."

मला राग आला. म्हटलं, "मामाजी, किडनी तिची आहे. तिले इचारा."

त्यांनी मान वर केलीच नाही. शेवटी वच्छलाच म्हणाली, "काहून एवढं अवघडून राहिले, बाबूजी? भाऊ हाये माया. देईन मी."

म्हातारा ढसाढसा रडला. वच्छलानं माठातलं गार पाणी गडव्यात भरून त्यांच्यापुढे धरलं.



भय्याजींनी दोन्ही हात जोडले. "नोको माय. लेकीच्या घरचं पानीबी घेऊ नाही, पाप लागते."